खालच्या मजल्याची तक्रार

वॉचमनचा इंटरकॉम वाजला की मी आधी लेकीच्या फुटबॉलकडे बघते. "बाई, पुन्हा चेंडू. खालच्या प्यो आजोबांचं डोकं उठलंय."

घरभर जाड मॅट टाकल्या, लेकीला, हारमला, मोजे घालून पायावर चेंडू झेलायला लावलं, जेजू बेटावरच्या संत्र्यांची पेटी घेऊन खाली माफी मागून आले. तरी तेच! शनिवारी पोरीची फुटबॉल क्लबची निवड चाचणी, पण वैतागून चेंडू कपाटात कोंडला.

आज कामावरून आले, तर हारम गायब, चेंडू गायब आणि खालून धप् धप् आवाज. तरातरा खाली गेले. आजोबांनी सोफा भिंतीला सरकवला होता आणि मधोमध हारम चेंडू झेलत होती.

"मीच बोलावलं तिला. माझ्याखाली नुसतं पार्किंग आहे," आजोबा माझ्यावरच खेकसले. "इथे कोण येतंय तक्रार करायला?"

"मग आवाजाचं एवढे दिवस..."

"अहो, आवाज येतो म्हणजे चेंडू पडतो ना! टप् टप् मोजत जरा रंगात येतंय म्हणावं, की धप्! रोज छताकडे बघत बसणाऱ्याने करायचं काय? ए पोरी, डावा पाय!"