कोणाचाच दोष नाही

वकिलांनी तडजोडीचा कागद पुढे सरकवला, तशी हेमलता तिसऱ्यांदा खुर्चीवरून उठली. लस टोचल्यावर आठवड्याभरात तिच्या लेकीचे, केतकीचे पाय लुळे पडले, त्याला सहा वर्षं झाली होती.

"कंपनी भरपाई देतेय, पण लसीमुळे झालं हे मान्य करत नाही," वकील म्हणाले. "यात कोणाचाच दोष नाही, असं लिहिलंय."

हेमलताची येरझार थांबेना. सुईला घाबरून रडणाऱ्या केतकीला तिनंच ओढत नेलं होतं.

"कोणाचाच म्हणजे माझाही नाही का हो?"

वकील गोंधळून कागद चाळू लागले. व्हीलचेअरवरून केतकीनं आईचा हात धरला.

"तुझाही नाही, आई."

सहा वर्षांत हे ती पहिल्यांदाच म्हणाली होती. हेमलता मटकन बसली. वकिलांनी बोट ठेवलं तिथं तिनं सही केली. अक्षरं मात्र तिला दिसत नव्हती.