शंभर टक्के रोजगार

"आपल्या देशात बेकार माणूस औषधालासुद्धा सापडायचा नाही!" कामगारमंत्री तोफुआकाका आमच्या चिमुकल्या बेटाच्या विमानतळावर गरजले. ऐकायला आम्ही पाच-सहा म्हातारे आणि सिफा. बाकीचा देश न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला कामाला गेलाय. सिफा इथली नर्स, पोस्टमास्तर, आणि विमान आलं की हमालही तीच.

"काका, माझ्या राजीनाम्याचं काय झालं? नवरा, मुली, सगळे तिकडे वाट बघतायत."

"वेडी की काय तू! तू गेलीस तर देश बंद पडेल."

सिफाने त्यांच्या पेट्या विमानात चढवायला घेतल्या. पेट्या संपेनात. "काका, परत कधी येणार?"

काकांनी आवाज उतरवला. "ऑकलंडची माझी पोरं म्हणतात, आता कायमचे इकडेच या. बरं, माझ्या डुकरांना रोज तेवढं खायला घालशील ना?"