पुढची सीट

आयर्लंडमधल्या ॲथलोनजवळच्या गवताळ धावपट्टीवर दरवर्षीसारखी जुनी, छोटी विमानं जमली होती. त्यातलं पिवळं विमान रेवतीच्या नवऱ्याचं. यशोधन जानेवारीत गेला. आज या सवतीला विकून ती मोकळी होणार होती.

"शेवटचं एकदा बसून घ्या," विमान विकत घेणारा डेक्लन म्हणाला. "तोवर मी चहा आणतो."

ती पुढच्या सीटवर बसली. नेहमीचीच जागा. यशोधन मागे बसून विमान चालवायचा. विमान वळवायचे दोन्ही सीटसमोरचे दांडे आतून जोडलेले, त्यामुळे तो मागचा हलवायचा तसा तिच्या गुडघ्यांमधलाही हलायचा. "हात लावू नकोस, तुला जमणार नाही," हे तो दर वेळी बजावायचा. गाडीतही तेच, घरातही तेच. इतकी वर्षं ती हात मांडीवर ठेवून बसली होती.

दांडा हलला.

वारा असेल, तिने स्वतःला समजावलं. पण वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी काठीला मलूल लोंबत होती. दांडा सावकाश डावीकडे कलला, मग उजवीकडे. तिने वळून पाहिलं. मागची सीट रिकामी होती. पट्ट्याचं बक्कल मात्र लावलेलं होतं.

रेवतीचं डोकंच फिरलं. "आता तरी सोड रे!" म्हणत तिने आयुष्यात पहिल्यांदा तो दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

क्षणभर तो तिच्या मुठीत निमूट थांबला. मग मागून कुणीतरी, नेहमीच्याच शांतपणे, तो तिच्या हातातून काढून घेतला.