सलूनवाल्याची बोटं

"जोर नका लावू, ताई. हळू," सिस्टर म्हणाली. सलूनवाल्याच्या बायकोने नवऱ्याचा तळहात मांडीवर घेतला, बोटभर तेल घेतलं आणि अंगठ्याने पुन्हा मधून कडेला चोळायला सुरुवात केली. हात ऊन होता, पण ओल्या टॉवेलसारखा जड.

दुकानाची पाटी सरळ करायला म्हणून तो स्टुलावर चढला होता. पडला तो डोक्यावर, थेट पायरीवर. ऑपरेशन झालं, जीव वाचला, डोळे उघडले. पण नजरेत ओळख नव्हती. डॉक्टरांचं काम डॉक्टरांनी केलं. उरलेलं या सिस्टरने अंगावर घेतलं. मालिश करायची, ओळखीचे आवाज ऐकवायचे, ओळखीचे वास द्यायचे, मेंदू कुठून तरी जागा होतो, असं तिचं म्हणणं. वॉर्डातल्या बाकीच्या तिला "आली अत्तरवाली" म्हणायच्या. ती हसून सोडून द्यायची.

आता तीही थकली होती. दुकानातला रेडिओ उशाशी लावून झाला. दाढीच्या साबणाचा वास नाकाशी धरून झाला. त्याची कात्री त्याच्या हातात दिली, ती घसरून गादीत पडली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आणि आज दुपारी मोठे डॉक्टर येणार होते. त्यांनी आडपडदा ठेवला नव्हता. पेशंटने स्वतःहून काही केलं, अगदी एवढंसं काही, तर इथले उपचार चालू राहतील. नाहीतर पलंग दुसऱ्याला, आणि हा गावाबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात. तिथे वेळेवर भरवतात, कूस बदलून देतात. बरं करायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

"सिस्टर, तुम्ही जरा चहा तरी घेऊन या," बायको म्हणाली. "तोंड बघा केवढंसं झालंय."

"आणि तुमचं?"

"माझं कोण बघतंय!"

सिस्टर गेली नाही. दाराशीच औषधांची ट्रॉली पुसत राहिली, पुसलेलीच पुन्हा.

बायको नवऱ्याशी बोलायला लागली. सिस्टरने शिकवलं होतं, गोड बोला, जुन्या आठवणी सांगा. रोज ती तसं बोलायची. आज मेलं गोड काही सुचेना.

"अहो, ऐकताय का? सगळ्या गावाची डोकी दाबलीत तुम्ही. पोस्टमनचं दाबलंत, हेडमास्तरांचं दाबलंत. तो बँकेतला टकल्या, त्याच्या डोक्यावर कापायला एक केस नाही, तरी दर रविवारी हजर! का, तर मालिश! आणि मी एकदा म्हटलं, माझं डोकं ठणकतंय, तर काय म्हणालात? घरात दुकान नको. बरं, नको तर नको. पुन्हा कधी तोंडातून काढलं का मी? आणि आता सकाळ-संध्याकाळ मीच दाबतेय. हात, पाय, मान, पाठ. माझी हाडं खिळखिळी झालीत हो. मला आता नाही होत."

रडू काही आलं नाही. रडायलाही अंगात जोर लागतो. तिने त्याचा हात गादीवर ठेवला आणि तिथेच कपाळ टेकलं. अंबाडा सुटला, केस त्याच्या बोटांवर पसरले. ते सावरायचाही तिला कंटाळा आला. जरा पडते आणि उठते, एवढंच तिच्या मनात होतं.

आधी तिला वाटलं, सिस्टरच केस बाजूला करतेय. मग एक अंगठा कानामागे येऊन टेकला. चार बोटं केसांत शिरली, टाळूवर गोल फिरली, मानेच्या खळीपर्यंत उतरली आणि पुन्हा वर चढली. बोटांत ताकद नव्हती. मधेच अडखळत होती, थांबत होती. पण वाट चुकत नव्हती.

"अगं बाई!" दाराशी सिस्टर जवळजवळ किंचाळली. "ताई, त्यांचा हात बघा! आपलंच चुकलं हो. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना चोळलं, त्यालाच आपण चोळत बसलो! थांबा, डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता घेऊन येते."

बायकोने डोकं उचललं नाही. डोळेसुद्धा उघडले नाहीत. नुसता एक हात वर करून तिने सिस्टरला थोपवलं.

"आणा हो, पण जरा दमानं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी माझा नंबर लागलाय."