ओळीखालचे तारे

"माणसाची ओळ टाकली का?" बेडकांच्या टाकीतलं पाणी बदलता बदलता साजिदनं विचारलं.

"टाकली," नगमा म्हणाली.

"थुंकी कोनाची घेतली?"

"माझीच."

"मंग पाह्य, बेडकी तुयी खाला लागते का फुप्पी!"

बेडकी मावशी की आत्या, या थट्टेवर नगमा हसली नाही. अमरावतीच्या त्या प्रयोगशाळेत रिवाजच होता, माणसाचा नमुना लागला की कोणीही आपली थुंकी द्यायची. तिनं मात्र मुद्दाम दिली होती.

संगणकाच्या पडद्यावर ओळीखाली ओळ लागली होती, जात्यावरच्या ओव्यांसारखी. भातकुलीच्या नाल्यातला बेडूक, झाडावरचा बेडूक, कोंबडी, माणूस. सगळ्यांच्या मेंदूतल्या एकाच प्रथिनाचं, प्रिऑनचं, जनुक. ते बिघडलं की आधी झोप जाते, मग तोल, मग माणूस. जिथं सगळ्यांचं अक्षर एक, तिथं खाली तारा उमटतो.

अब्बा तसेच गेले. डोळे टक्क उघडे, हात हवेत काहीतरी विणत. फवारणीचे दिवस होते; कपाशीत औषध मारता मारता गावोगाव माणसं पडत होती. सगळे म्हणाले, शफीभाईलेही औषध लागलं. त्या शब्दाचा घराला आधार झाला. औषध बाहेरून येतं. नगमा नि अलीझा, दोघी लेकींच्या रक्तात उतरत नाही.

पण दादीही तशीच गेली होती. तेव्हा गावात फवारणीचा पंप आलाही नव्हता.

बिघाडाची ती जागा नगमाला पाठ होती. तिनं पडद्यावरच्या ओळी तिथवर सरकवल्या. तारा, तारा, तारा. मग रिकामं. तिनं वर पाहिलं. बेडकांचं अक्षर जागेवर. कोंबडीचं जागेवर. तिच्या ओळीत दोन अक्षरं एकावर एक चढलेली. एक आईकडचं, नीट; एक बापाकडचं, बिघडलेलं.

फोन वाजला. अम्मी होती. आवाज दबका, मागं कपबश्यांची किणकिण.

"नगमा, अलीझाले पाहाले पाव्हणे आले ना अकोल्याहून. लोकं चांगले हायेत. पोराची माय विचारून राह्यली, पोरीच्या अब्बाले काय झालं होतं. मले नीट सांगता येत नाही बेटा, तू शिकेल हायस. फोन देते त्याइले."

"हां बेटी, बोल," अनोळखी बाईचा मायाळू आवाज आला.

टाकीत एक बेडूक काचेला पोट लावून बसला होता. त्याच्या गळ्याखालची कातडी धडधडत होती.

"फवारणी," नगमा म्हणाली. "फवारणी, खाला."

पलीकडं कपबश्या पुन्हा वाजू लागल्या.