शेठ लोकांचा आजार

तळोद्याला शेठच्या पेढीवर बसून राखण करणारा, दोन्ही वेळा भात जेवणारा जेठ्या डोंगरावर घरी आला, तो थेट घागरीपाशीच बसला. तहान काही भागेना.

"वैद्यबुवा म्हने, हाऊ शेठ लोकेस्ना आजार शे."

हे ऐकून त्याची आई गंगीबाई हरखूनच गेली. "आख्ख्या पाड्यामा कोनले व्हयना का असा आजार? मन्हा पोऱ्या शेठ व्हयी गया." आणि ती दारोदार गूळ वाटत सुटली. डोंगर चढता-उतरता आपला जन्म गेला, पोराचा तरी जाऊ नये, म्हणून तिनंच त्याला खाली धाडलं होतं.

"नागलीची भाकर सोडलीस कशाला? आता गोड म्हणजे तुला विष," हे वैद्यबुवांचं पुढचं बोलणं जेठ्यानं तिला सांगितलंच नाही. उरलेला खडा आईनं कौतुकानं त्याच्या तोंडाशी धरला, तेव्हा त्यानं मुकाट्यानं तोंड उघडलं.