हुद्द्यांचं इंग्रजी

"हे काय लिहिलंत?" दिघेसाहेबांनी कागद सुलभाच्या टाइपरायटरवर आपटला. "चेतनच्या नावापुढे हेल्पर?"

"ऑफिस हेल्पर," सुलभा म्हणाली. "जर्मनमध्ये 'ब्यूरोहिल्फे' आहे. कागद नेणं-आणणं, पाकिटं चिकटवणं, सांगतील ते करणं. त्याला इंग्रजीत दुसरं काही म्हणत नाहीत."

ब्याण्णवचा फेब्रुवारी. खडोलीच्या त्या कारखान्यात नुकताच जर्मन भागीदार आला होता. त्यांचा वेबर नावाचा माणूस तीन आठवडे ऑफिसच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून गेला. बोलायचा कमी, कोण काय करतं ते वहीत टिपायचा जास्त. परत गेल्यावर त्याने ऑफिसातल्या पाच जणांची यादी पाठवली, नाव आणि नावापुढे हुद्दा. खाली एक ओळ : एप्रिलपासून कॉम्प्युटर येणार, टायपिस्टची जागा बंद. मुंबईहून शेठचा निरोप आला, जर्मनांनी जे लिहिलंय त्याचं इंग्रजी करा आणि मूळ कागदासकट पाठवा, त्याप्रमाणे सगळ्यांना पत्रं निघतील.

ऑफिसात जर्मन येणारी एकटी सुलभा तावडे. नऊ वर्षं जर्मन मशीनच्या पुस्तकांशी डिक्शनरी घेऊन झटली, तेव्हा कुठे आलेलं.

"आणि हे?" साहेबांचं बोट वर सरकलं. "तुमच्या नावापुढे ऑफिसर! स्वतःच स्वतःला बढती देऊन मोकळ्या?"

"मी नाही दिली. 'झाखबेआर्बायटरिन' लिहिलंय. एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या डोक्याने बघणारी बाई. क्लार्क लिहिलं तरी ते कमी पडतं. डिक्शनरी देऊ?"

"डिक्शनरी ठेवा तुमच्याजवळ. तुम्ही टायपिस्ट म्हणून लागलात, टायपिस्टच लिहा. चेतनपुढे ऑफिसर. शेठच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे तो. हेल्पर म्हणून पत्र गेलं तर त्या माउलीला मी काय तोंड दाखवू?"

"टायपिस्टची जागा एप्रिलमध्ये बंद होतेय, साहेब."

"ते तेव्हाचं तेव्हा बघू."

चेतनला येऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षांत त्याने स्वतः लिहिलेलं पत्र एक, तेही रजेचं, आणि त्यातल्या दोन ओळी सुलभाच्या. कस्टमचे कागद, अथालच्या ट्रकवाल्यांशी रोजची हुज्जत, बंदरात अडकलेले खोके, जर्मनीला जाणारी उत्तरं, हे सगळं सुलभाकडे, आणि सही दिघेसाहेबांची. वेबरला हे कळायला तीन आठवडे लागले. साहेबांना नऊ वर्षांत सवड झाली नव्हती.

सुलभाने नवा कागद चढवला. बोटं अशी पडत होती, की 'ऑफिसर'च्या पहिल्याच अक्षराला कागदाला भोक पडलं. चेतनपुढे ऑफिसर. आपल्यापुढे टायपिस्ट. मूळ जर्मन कागद वर ठेवून तिने दोन्हींना टाचणी लावली आणि साहेबांपुढे धरले.

"आता कसं! करा खाली सही."

तो शेठचा जुना नियम होता. एकदा मशीनच्या पुस्तकातली एक ओळ चुकीची उतरवली गेली, मोटर जळाली, आणि ती उतरवणारा कोण ते शेवटपर्यंत सापडलं नाही. तेव्हापासून परक्या भाषेतला कागद इंग्रजीत केला, की 'हे खरं आहे' म्हणून खाली एकाची सही लागायची. आजवर ती सुलभाच करत आली होती.

"मी नाही करणार."

"म्हणजे?"

"टायपिस्टने टाइप करायचं. केलं. खरंखोटं लिहून देणं ऑफिसरचं काम." तिने हनुवटीनेच दाखवलं. "ऑफिसर त्या तिकडे बसलेत."

फायलींमागून कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले.

"चेतन! इकडे ये. सही कर यावर."

चेतन उठून आला. तिशी ओलांडलेला, अंगाने भरलेला. स्वभावाने वाईट नव्हता, फक्त कागद समोर आला की त्याला जांभई यायची. त्याने पेन काढलं आणि सवयीने सहीची जागा विचारली, "सुलभाबेन, सही क्यां करवानी?"

सुलभाने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"तिला काय विचारतोस?" साहेब कडाडले. "तुला कळत नाही का? कर पटकन!"

चेतनने वरच्याच, जर्मन कागदावर नजर फिरवली. पाच नावांत आपलं नाव शोधलं. हजेरीपटावर रोज सकाळी करायचा तसंच, आपलं नाव बघायचं आणि त्याच ओळीत पुढच्या रिकाम्या रकान्यात सही मारायची. त्याने झोकात सही केली, खाली दोन रेघा ओढल्या आणि मनानेच तारीखही घातली.

तो रकाना वेबरने ज्याचा त्याला हुद्दा मान्य असल्याच्या सहीसाठी ठेवला होता. वर तसं जर्मनमध्ये लिहिलंही होतं. 'ब्यूरोहिल्फे'च्या शेजारी आता चेतनची सही होती, पूर्ण नावानिशी, आणि मुंबईला जायचा मूळ कागद तो एवढाच.

साहेबांनी कागदावर झडप घातली.

"हां, साहेब," सुलभाने कागदावर तळहात आडवा धरला. "शाई ओली आहे."